कोरड्या खोलीतला कूलर

हर्षाच्या खोलीत घाम गाळायला बंदी होती. आता अमरावतीत, तेही मे महिन्यात, असली बंदी घालणारी बाई एकतर वेडी असली पाहिजे नाहीतर पीएच.डी. करणारी, आणि कॉलेजातल्या बहुतेकांच्या मते हर्षा दोन्ही होती. खोली केमिस्ट्रीच्या वऱ्हांड्याच्या पार टोकाला, दुपारभर उन्हात भाजून निघणारी. दारावर तिनं कागद लावला होता: 'ओले हात, ओला रुमाल, पाण्याची बाटली आत आणू नये.' त्याखाली कुण्या टवाळखोरानं पेननं लिहिलं होतं, 'डोळ्यांत पाणी आणलं तर चालेल काय?' हर्षानं ते खोडलं नाही, कारण त्या प्रश्नाचं उत्तर खरोखरच 'नाही' असं होतं.

ती काय करत होती ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको. मोबाईलच्या, स्कूटरच्या लिथियम बॅटरीत दोन टोकांच्या मधे एक द्रव असतो. लिथियमचे कण त्या द्रवातून इकडून तिकडं ये-जा करतात म्हणून बॅटरी चालते. आणि तो द्रव पेट घेतो, म्हणून एखाद्या वेळी बॅटरीही पेटते. गेल्या उन्हाळ्यात राजापेठेत एक स्कूटर उभ्या उभ्या पेटली, तेव्हा अर्ध्या गावानं त्याचे व्हिडिओ काढले आणि उरलेल्या अर्ध्यानं ते फॉरवर्ड केले. हर्षाला त्या द्रवाच्या जागी एक घट्ट चकती बसवायची होती. लिथियम, गंधक आणि फॉस्फरस एकत्र करून केलेली पिवळट भुकटी, प्रेसमध्ये दाबून दाबून नाण्याएवढी केलेली. लिथियमचे कण तिच्यातूनही जातात, पण ती पेटत नाही की सांडत नाही. इंग्रजीत याला सॉलिड इलेक्ट्रोलाइट म्हणतात. कॉलेजनं पाटीवर 'घन विद्युत-अपघट्य संशोधन केंद्र' असं लिहिलं, आणि पाटी वाचून पोस्टमन दोनदा आल्या पावली परत गेला.

त्या चकतीला खोड एकच. पाण्याची नुसती वाफ जरी लागली तरी ती नासते, आणि नासताना मुकाट्यानं नासत नाही, सडक्या अंड्याचा वास सोडते. पावसाळ्यात हर्षाची एकही चकती जगायची नाही. हिवाळ्यात कुठं एखादी जगायची. मे महिना आला की मात्र तिचे दिवस फिरायचे. सगळं वऱ्हाड उन्हाच्या नावानं बोटं मोडायचं आणि ही बाई खुशीत असायची, कारण हवाच अशी कोरडी की ओठ फुटावेत. खोलीत हवेतला ओलावा ओढणारं एक यंत्र होतं, त्याखाली बादली. पावसाळ्यात ती बादली दिवसातून कितीदा तरी उपसावी लागे. मे महिन्यात ती ठणठणीत कोरडी असायची, आणि सकाळी आल्या आल्या त्या कोरड्या बादलीत डोकावून पाहणं हे हर्षाचं देवदर्शन होतं.

आता हिच्या घरचं ऐका. बाप पुंजाराम, नांदगाव खंडेश्वरकडं थोडं वावर, त्यात पालेभाजी आणि झेंडू. पहाटे माल घेऊन अमरावतीच्या बाजारात बसायचं आणि दिवसभर त्यावर पाणी मारायचं, एवढंच त्या माणसाचं काम. ओलं पोतं, ओला टॉवेल, ओले हात. मेथीला पाणी, पालकाला पाणी, सांभाराला, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीला, तर घटकेघटकेला पाणी. त्याच पाण्यावर हर्षा शिकली. आणि शिकून तिनं काय शोधलं, तर ज्याला पाणी चालत नाही असं काहीतरी.

"मले कधी दाखवशील बाई तुही खोली?" पुंजाराम विचारायचा.

"बाबा, तुमचे हात सदा ओले असतात. आत आले की माल खराब होते."

"मी पुसून येतो ना."

असं म्हणून तो खरंच धोतराला हात पुसायचा, जणू काही आत्ताच निघायचंय. हर्षाला कसंसंच व्हायचं. बापाच्या ओल्या हातांवर आपण मोठे झालो आणि त्याच हातांना आपल्या खोलीत मज्जाव, हे तिला टोचत होतं. शेवटी तिनं कबूल केलं, की ज्या दिवशी माझ्या चकतीवर सगळ्यांसमोर दिवा लागेल त्या दिवशी तुम्हाला खिडकीबाहेर उभं करून काचेतून सगळं दाखवीन. पुंजारामनं बाजारातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना तेवढ्यावरच सांगून टाकलं, की पोरीनं आपल्याले बोलावलं.

तो दिवस आता समोर आला होता. दिल्लीहून समिती येणार होती. हर्षानं समितीसमोर चकती बसवून सेल जोडायचा आणि त्यावर दिवा लावून दाखवायचा, आणि समिती गेली की बापाला बोलावून काचेतून दाखवायचा. दिवा लागला तर केंद्र चालू राहील, नाही लागला तर केंद्र बंद आणि खोली स्पर्धा परीक्षांच्या क्लासला. संस्थेचे अध्यक्ष रामराव तर एकदा येऊन, बाकं कशी बसतील ते पावलांनी मोजूनही गेले होते. ते मोजत असताना हर्षा यंत्राला टेकून उभी होती, आणि त्यांनी तिलाही एखादं कपाट असावं तसा वळसा घातला.

चकत्या मात्र अशा जमून आल्या होत्या की काय सांगावं. घट्ट बुचाच्या काचेच्या बरणीत तिनं त्या ठेवल्या होत्या. चाचणीत आदल्या आठवड्यात दिवा लागला होता, चांगला तासभर. मे महिना होता, बादली कोरडी होती, घाबरायचं काही कारणच नव्हतं.

कारण होतं गावंडे सर. हर्षाचे गाईड, केंद्राचे प्रमुख, मूळचे अकोल्याचे, म्हणजे उन्हाळाभर कूलरसमोर वाढलेले. माणूस मनानं फार चांगला. अशा माणसांपासून जपून राहावं, कारण ते वाईटही मन लावून करतात. सरांच्या बहिणीचं लग्न मे महिन्यात झालं होतं. आमच्याकडं मेमधल्या लग्नात नवरदेवाकडच्या मंडळीला कूलर आणि नवरीकडच्यांना पंखा, हा कायदा कुठंच लिहिलेला नाही, पण तो मोडला तर लग्न मोडायची पाळी येते. त्या दिवशी ऐनवेळी कूलरची मोटर जळाली. नवरदेवाचा मामा गादीवरून जो उठला तो जेवलाच नाही, आणि पुढं कधी त्यानं सरांच्या घरचं पाणी घेतलं नाही. तेव्हापासून सरांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की जगातलं कुठलंही काम बिघडतं ते कूलर नसल्यामुळं.

"हर्षा, समिती म्हंजे नवरदेवाकडची मंडळी," ते म्हणाले. "त्याईले त्या भट्टीत बसवून आपण काय मंजूर करून घेणार आहो?"

"सर, कूलर पाण्यावर चालते. खोलीत कूलर लावला तर चकत्या गेल्या समजा."

"कूलर पाण्यावर चालते हे मले सांगून राह्यली तू? अकोल्याच्या माणसाले?"

"मग एसी लावा. एसीनं हवा कोरडी होते, काही बिघडत नाही."

"एसी अध्यक्षसाहेबाच्या केबिनमधे आहे. तो काढाले सांगाची छाती माही नाही, तुही आहे काय?"

हर्षाची नव्हती. तिनं तरीही हट्ट सोडला नाही. "सर, हवेतलं पाणी काढाले आपण मशीन लावली. तिच्यासमोर कूलर ठेवायचा म्हणता?"

"मंग बरोबरच आहे ना. कूलर पाणी टाकीन, मशीन ते काढीन. हिशोब जागच्या जागी."

हर्षा रडकुंडीला आली, तेव्हा सरांनाच कसंतरी वाटलं. "बरं बाप्पा, नाही लावत," ते म्हणाले. "तू एक काम कर, सकाळी गाडी घेऊन बडनेऱ्याच्या स्टेशनावर जा आणि समितीले घेऊन ये. तू गेली म्हंजे बरं दिसते." एवढ्या मोठ्या मानाच्या कामाला आपल्याला का धाडताहेत, हा विचार हर्षाला शिवलासुद्धा नाही. शिकलेल्या माणसाचं असंच असतं, एका गोष्टीत बारीक डोकं चालवलं की बाकी ठिकाणी ते झोपी जातं.

समिती तिघांची होती. प्रमुख साहेब चांगले अंगानं भरलेले, आणि बाकी दोघं ते हसले की हसणारे. गाडीतून उतरेपर्यंत तिघांचेही शर्ट पाठीला चिकटले होते. बाहेर झळा अशा, की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. वऱ्हांड्यातून जाताना साहेब प्रत्येक दाराकडं आशेनं पाहत होते. हर्षानं टोकाचं दार उघडलं, आणि आतून तिच्या तोंडावर गार हवेचा झोत आला, वाळ्याच्या घमघमाटासह.

तिनं आधी खिडकीकडं पाहिलं.

खिडकीची काच गायब होती. वर्षभरापूर्वी तिनं स्वतः फटी बुजवून पक्की केलेली काच, बापाला जिच्यातून दिवा दाखवायचा होता ती काच, भिंतीला टेकून ठेवलेली होती. तिच्या जागी बाहेरून, स्टँडवर चढवलेला, कपाटाएवढा लोखंडी कूलर बसला होता. तो सरांच्या घरचा. अकोल्याहून खास ऑर्डर देऊन बनवलेला, तिन्ही बाजूंना नव्याकोऱ्या वाळ्याच्या ताट्या, पाण्यात वरून अत्तर. घरघर एवढी मोठी की खोलीत ओरडूनच बोलावं लागत होतं.

"वाह गावंडे जी," साहेब झोतासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी चक्क डोळे मिटले. "क्या ठंडक है."

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तो रुसलेला मामा जणू आज जेवायला बसला होता.

हर्षा सरांच्या कानाशी गेली. "सर, तुमी शब्द दिला होता."

"पाहुण्यासमोर तोंड पाडू नको," सर हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाले. "अर्ध्या घंट्याचा तं सवाल आहे."

तेवढ्यात बादलीतून पाणी वाहू लागलं. सकाळपासून कूलर खोलीत ओल ओतत होता आणि यंत्र बिचारं ती जिवाच्या करारानं ओढत होतं. मे महिन्यात जी बादली कधी ओलीही व्हायची नाही ती काठोकाठ भरून फरशीवर सांडत होती. साहेबांनी डोळे उघडून तिकडं पाहिलं. "ये पानी?"

"हवेतून काढलेलं, सर," गावंडे सरांनी छाती पुढं काढली. "हमारी मशीन की कॅपॅसिटी देखिए."

समितीतल्या एकानं बादलीचा फोटो काढला. दुसऱ्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. मग शिपाई जीवन आला, त्यानं भरलेली बादली उचलली, बाहेर जाऊन कूलरच्या टाकीत ओतली आणि रिकामी बादली परत यंत्राखाली सरकवली. साहेबांनी हेही पाहिलं, आणि त्यांना गहिवरूनच आलं. पाण्याचा एक थेंब वाया जात नाही, असं दुसरं केंद्र आपण देशात पाहिलं नाही, असं ते म्हणाले. बाकीचे दोघंही म्हणाले. हसावं की टाहो फोडावा हे हर्षाचं मात्र ठरत नव्हतं.

"मॅडम, करा सुरू," सर म्हणाले.

"सर, मी बरणी इथं उघडत नाही. दुसऱ्या खोलीत करू. वर्कशॉपमधे करू. फक्त इथं नको."

"वर्कशॉपमधे कूलर आहे काय?"

"नाही. म्हणूनच."

सरांनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं पाहुण्यांना उन्हात उभं करून मारायची परवानगी मागितली आहे. तिघंही तोवर खुर्च्या ओढून झोतासमोर बसले होते, आणि त्यांना तिथून उठवायला आता खुर्चीला आग लावावी लागली असती.

हर्षानं बरणी उघडली. दुसरं ती काय करणार होती? चिमट्यानं एक चकती उचलली, साच्यात ठेवली, लिथियमचा पत्रा बसवला, स्क्रू आवळायला घेतला. हात सरावाचा होता, पण कूलरचा झोत त्याहून सरावाचा निघाला. चकतीची कड तिच्या डोळ्यांदेखत पांढुरकी झाली. आणि मग तो वास आला. आधी थोडासा, वाळ्याच्या आडून, आणि मग वाळ्याला ढकलून सरळ समोर.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "ये क्या है?"

"बाहर अंडे की गाडी लगती है सर," गावंडे सर तत्परतेनं म्हणाले. "स्टुडंट लोग खाते हैं. जीवन, जा रे, त्या गाडीवाल्याले हाकल."

कॉलेजबाहेर अंड्याची गाडी कधीच लागत नव्हती. जीवन तरीही गेला आणि थोड्या वेळानं येऊन म्हणाला, की हाकललं.

हर्षानं तारा जोडल्या. मीटरचा काटा थोडा हलला आणि झोपला. दिवा लागला नाही. तिनं स्क्रू पुन्हा आवळला, पुन्हा जोडलं. काटा मेल्यासारखा पडून होता. अख्ख्या मे महिन्याची मेहनत तिच्या बोटांत सडत होती.

"एक मिनिट," सर म्हणाले. त्यांनी टेबलाखाली हात घातला. दिवा लागला.

नुसता लागला नाही, लखलखला. हर्षाच्या दिव्याला तसा उजेड कधीच नव्हता. तिनं टेबलावरचा कपडा उचलून पाहिलं, तर दिव्याची दुसरी तार खाली सरांच्या घरच्या इमर्जन्सी लाइटच्या बॅटरीला जोडलेली. बाजारातली साधी बॅटरी, तोच पेटणारा द्रव पोटात घेतलेली. ज्याच्याविरुद्ध हिनं अख्खं संशोधन केलं, तोच हिचा दिवा पेटवत होता.

समितीनं टाळ्या वाजवल्या. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

हर्षाला त्या क्षणी सगळं दिसत होतं. गप्प बसलं तर खोली आपली. केंद्र चालू, पीएच.डी. चालू, रामरावांची बाकं बाहेर. बोललं तर आजच सगळं आटोपलं. आणि ती बोलली.

"सर, ये हमारा सेल नहीं है."

कूलर घरघरत होता. साहेबांनी कानाला हात लावला. "जी?"

"ये बल्ब बाजार की बॅटरी पर जल रहा है. हमारा सेल ओलावे से खराब हो गया."

"थॅंक यू बोल रही है," गावंडे सर मधेच म्हणाले.

मग हर्षा उठली, भिंतीशी गेली आणि तिनं कूलरचं बटण बंद केलं. पंखा घरघरत थांबला. खोलीत अशी शांतता झाली की ताटीवरून गळणाऱ्या पाण्याचा आवाज यायला लागला. उघड्या खिडकीतून झळ आत आली. तिनं शब्द न् शब्द पुन्हा सांगितला, हळू, स्पष्ट, कपडा उचलून खालची बॅटरीही दाखवली. सर खाली फरशीकडं पाहत होते.

साहेबांनी ऐकलं होतं. ते त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. त्यांनी बॅटरीकडं पाहिलं, हर्षाकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं. कपाळावरून एक ओघळ निघून त्यांच्या भुवईपर्यंत आला. बाकी दोघं त्यांच्या तोंडाकडं पाहत थांबले होते.

"बेटी," साहेब म्हणाले, "पहले कूलर चालू करो."

सरांनी धावत जाऊन केला. झोत सुटला, साहेबांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा सही झालेली होती.

आठवडाभरानं मंजुरी आली. केंद्र पुढं चालू. ओलावा ओढणाऱ्या यंत्राच्या कामगिरीचं खास कौतुक, पाणी पुन्हा वापरण्याच्या व्यवस्थेचं त्याहून जास्त, आणि शेवटी एक शिफारस, की खोलीतली थंडाव्याची सोय कायम ठेवावी. हर्षानं समितीला झाला प्रकार कळवला. अहवाल अंतिम आहे, असं उत्तर आलं. गावंडे सरांनी पेढे वाटले आणि तिलाही एक दिला. मनापासून दिला, हेच त्यातलं वाईट. "तुही खोली वाचवली का नाही मी?" ते म्हणाले. वाचवली होती, खोटं कशाला बोला. रामराव आता आपल्या पाहुण्यांना दुपारी तिथंच आणून बसवत, कारण त्यांच्या केबिनमधल्या एसीपेक्षा अकोल्याच्या कूलरची हवा त्यांना जास्त मानवायची. बरणीतल्या उरल्यासुरल्या चकत्या पांढऱ्या पडून फुटल्या. आता पावसाळा, मग हिवाळा, आणि पुढचा मे आला तरी खिडकीत कूलर असणारच होता.

एका दुपारी बाजारातून परतताना पुंजाराम कॉलेजात आला. दिवा लागल्याचं त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं, पोरगी काही बोलली नाही म्हणून स्वतःच आला. डोक्यावर उरलेल्या सांभाराचं ओलं पोतं होतं. खोलीच्या दारात येऊन तो थबकला, पोतं खाली ठेवलं आणि धोतराला हात पुसू लागला. आधी तळवे, मग बोटं, मग एकेका बोटाची सांध.

"राहू द्या बाबा," हर्षा म्हणाली. "आता काही होत नाही. या आत."

"ओले हायेत अजून."

"असू द्या."

तो घाबरत घाबरत आत आला. कूलर चालू होता. यंत्र, प्रेस, टेबल सगळं त्यानं हात मागं बांधून पाहिलं, बोट लावलं नाही. मग झोतासमोर उभा राहिला, आणि त्याच्या सुरकुतल्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरलं. दारात जाऊन त्यानं पोतं उचलून आत आणलं, सोडलं, जुड्या फरशीवर मांडल्या.

"हर्षे, अठी तं सांभार चार दिवस हिरवागार राहीन वो माय," तो म्हणाला. "येवढी चांगली खोली, अन् तू मले इतके दिस येऊ नाही दिलं."

हर्षा प्रेसशेजारच्या स्टुलावर बसली. दारावरचा कागद ओल लागून एका बाजूनं सुटला होता आणि कूलरच्या हवेत फडफडत होता. तिनं तो वाचला नाही. बाप जुड्या लावत होता, त्याची पाठ तिच्याकडं होती, आणि त्या खोलीत आता रडायला काही हरकत नव्हती.